दोन धावपट्ट्या



बिरसीला विमान उतरते याचे आता कुणाला नवल वाटत नाही. आमच्या लहानपणी मात्र त्या लांबलचक पट्टीवर गुरे चरत असत आणि आम्ही पोरे भाड्याची सायकल घेऊन तिथे शर्यती लावत असू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी ही धावपट्टी बांधली. आसपासच्या गावांतली माणसे तिच्या कामावर मजुरीला गेली होती, असे माझे वडील सांगत. लढाई संपली, गोरे साहेब गेले आणि धावपट्टी कित्येक वर्षे बहुतेक निपचित पडून राहिली. पुढे २००५ साली ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. तिची लांबी वाढली, वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था आली. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी प्रवासी सेवा सुरू झाली. ती थोड्याच काळात थांबली, पण २०२३ च्या डिसेंबरात हैदराबाद आणि तिरुपतीकडे जाणारे विमान पुन्हा उडाले.

पण मला आज बोलायचे आहे ते आमच्या भागातल्या दुसऱ्या धावपट्टीविषयी. ती सिमेंट-डांबराची नाही. धान कापून झाले की मोकळ्या बांध्यांमध्ये ती आखली जाते, तिच्यावर बैलांच्या जोड्या धावतात आणि चार दिवसांनी ती पुन्हा शेत होऊन जाते. ही शंकरपटाची धावपट्टी. तिच्याभोवती गावोगावी पुरुषांची मंडळे उभी राहिली आणि त्या मंडळांनी गावासाठी बरेच काही केले. काय केले आणि काय करायचे राहून गेले, याचा हिशेब मांडावा असे फार दिवसांपासून मनात होते.

त्याला निमित्त झाले एका फोनचे. माझा पुतण्या नोकरीसाठी इंग्लंडात असतो. तिथल्या शेजाऱ्याने त्याला आपल्या गोल्फ सोसायटीत नेले. आपल्याला सोसायटी म्हटले की धान खरेदीची किंवा कर्ज देणारी सोसायटी आठवते. ही तशी नव्हे. वीस-तीस पुरुषांचे हे टोळके. त्यांचे स्वतःचे मैदान नसते. महिन्यातून एकदा कुठल्या तरी क्लबचे मैदान भाड्याने घ्यायचे, दिवसभर खेळायचे आणि संध्याकाळी एकत्र जेवायचे. खेळताना कुणाचा चेंडू पाण्यात गेला की त्याने डब्यात दंड टाकायचा. वर्षाच्या सुरुवातीला त्यांचा कप्तान उभा राहून सांगतो, यंदाचे पैसे अमुक रुग्णालयाला किंवा अमुक अनाथ मुलांना द्यायचे. वर्षअखेर डबा फुटतो आणि पैसे पोचते होतात. असली टोळकी तिथे जागोजागी आहेत आणि काही तर पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहेत. हे सगळे सांगून पुतण्या म्हणाला, "काकाजी, हे तर आपल्या पटाच्या मंडळासारखेच झाले!"

मी हसलो, पण फोन ठेवल्यावर विचार करू लागलो. कुठे ती हिरवळ आणि पांढरा चेंडू, कुठे आमची धुळीतली बैलजोडी! तरीही पोरगा चुकीचे बोलत नव्हता.

गोल्फ आपल्या देशाला परका असला तरी नवा नाही. कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. त्यानंतर १८४२ मध्ये मुंबईत क्लब निघाला. मुंबईच्या त्या साहेबांनी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या काशीला एक रौप्यपदक भेट पाठवले. मुंबईचे नाव मिरवणारे ते पदक तिथल्या स्पर्धेत दिले जाऊ लागले. नाशिकलाही गोऱ्या साहेबांचा गोल्फ चाले. ते मैदान आज शहराचे क्रिकेटचे मैदान आहे. त्याला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिलेले आहे, पण जुने नाशिककर अजूनही त्याला "गोल्फ क्लब मैदान"च म्हणतात. ज्या कान्हेऱ्यांनी १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली त्यांचे नाव साहेबांच्या खेळाच्या जागेला लागावे, हा इतिहासाचा न्यायच म्हणायचा.

त्या काळातल्या या क्लबांची दारे आपल्या माणसांना सहसा उघडी नव्हती. आपली माणसे तिथे असत ती पिशव्या वाहायला आणि गवत कापायला. म्हणून मी त्यांचे गोडवे गाणार नाही. पण खेळातून दान काढण्याची रीत या खेळाने चांगली रुजवली, हे मान्य करायला हवे. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांनी १९३८ साली दहा हजार डॉलरची पहिली देणगी दिली. २०२० पर्यंत त्यांच्या देणग्यांची बेरीज तीनशे कोटी डॉलरच्या पुढे गेली. खेळ तोच आणि माणसेही तीच. पण खेळ मांडतानाच त्यात एक वाटा दुसऱ्याचा आहे हे ठरलेले होते.

आता आपल्याकडे येऊ.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा हा मुलूख. आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण पट, मंडई आणि नाटक यांना जिल्ह्याच्या सीमा कधी ठाऊक नव्हत्या. शेजारच्या बालाघाटातूनही जोड्या येत आणि आमच्या जोड्या तिकडे जात. दिवाळीत मंडई भरे. धान खळ्यावर येऊन मळणी झाली की संक्रांतीच्या आगेमागे पट सुरू होत. नंदी हे शंकराचे वाहन, म्हणून शंकरपट, असे जुनी माणसे सांगत.

पटाचा दिवस म्हणजे गावाची दुसरी दिवाळीच. लेकी माहेरी येत, जावई येत, सोयरे येत. दिवसा शेजारी-शेजारी आखलेल्या दोन पट्ट्यांवर जोड्या सुटत. हलक्या छकड्यावर धुरकरी जीव मुठीत धरून उभा असे. रात्री नाटक. आधी गावचीच पोरे दंडार आणि खडी गंमत करीत, बाईचे कामही पुरुषच करी. पुढे वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचे केंद्र झाले आणि तिथून प्रयोग ठरवून आणण्याची रीत पडली. रात्री दहाला सुरू झालेले नाटक कोंबडा आरवेपर्यंत चाले. या झाडीपट्टी रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी घरांत आपल्याच घरी सन्मान आल्यासारखे वाटले.

हा सगळा पसारा उभा करी ते गावचे मंडळ. ही मंडळे निघाली कशी, याविषयी माझे एक मत आहे. पूर्वी गावात काही लागले तर माणसे मालगुजाराच्या वाड्यावर जात. तलाव त्याचा, देऊळ त्याचे, पंगतही त्याची. बिरसीच्या शेजारचे कामठा हे तर जमीनदारीचे नामांकित ठिकाण. तिथल्या चिमणा पाटलाने १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. ते योग्यच झाले. पण वाड्यावर जाऊन मागायची सोय गेली आणि सरकारी मदत गावापर्यंत पोचायला वेळ लागणार होता. गोंदियात मनोहरभाई पटेलांसारख्या माणसाने १९५८ मध्ये शिक्षण संस्था काढली आणि गावोगावच्या मुलांची सोय झाली. पण प्रत्येक गावाच्या नशिबी मोठा दाता नसतो. तिथे पाच-पन्नास माणसांनी एकत्र येऊनच दाता व्हावे लागते. पटाचे मंडळ हे असे एकत्र आलेले दाते होते, असे मला वाटते.

आमच्या वडिलांच्या मंडळाचा हिशेब मी पाहिलेला आहे. लाल कापडी बांधणीची वही होती. वर्गणी धानाची असे. खळ्यावर जाऊन पायली-कुडवाने गोळा करायची. त्यात जोड्यांची प्रवेश फी, दुकानांच्या जागेचे पैसे आणि नाटकाची तिकिटे यांची भर पडे. बक्षिसे, मंडप, नाटकवाल्यांची बिदागी आणि पाहुण्या जोड्यांचा चारा यांचा खर्च वजा जाता जे उरे ते गावाचे. त्या उरलेल्या पैशातून एका वर्षी विहिरीला कठडा झाला. एका वर्षी देवळापुढे सभामंडप झाला. मोठमोठे गंज, बकेटी, झारे आणि सतरंज्या घेतल्या गेल्या. त्या लग्नाकार्याला आणि तेरवीला कुणालाही फुकट मिळत. ज्याच्या घरी चार ताटे नव्हती, त्याच्याही लेकीचे लग्न त्या भांड्यांवर मानाने लागले. कुणाचा बैल ऐन हंगामात मेला तर मंडळ त्याला हात देई. वहीत त्याचे नाव लिहिले जात नसे. नुसते लिहीत, "एकास मदत". वडिलांना मी विचारले होते, नाव का नाही? ते म्हणाले, "घेणाऱ्याने उद्या ही वही वाचली तर?"

आता माझ्या काळाचे सांगतो. २००८ साली मी त्या मंडळाचा सचिव झालो. गावाचे नाव सांगत नाही. तिथली माणसे अजून माझी सोयरी आहेत आणि चूक त्यांच्याइतकीच माझीही होती.

त्या वर्षी पट जोरात झाला. हाती बरेच पैसे उरले. गावच्या शाळेच्या एका खोलीची कवेलू फुटली होती, पावसात पोरांना ओसरीत बसावे लागे. ते छप्पर घालून द्यायचे असे आम्ही पट सुरू होण्यापूर्वी तोंडी बोललो होतो. पण बैठक बसली तेव्हा हवा पालटली होती. शेजारच्या गावाने पहिल्या बक्षिसाला मोटारसायकल लावली होती. आपण मागे राहिलो तर नामांकित जोड्या आपल्याकडे येणार नाहीत, जोड्या आल्या नाहीत तर गर्दी नाही, गर्दी नाही तर पैसा नाही, मग शाळेला देणार कुठून? असा युक्तिवाद झाला. ऐकायला तो अगदी बिनतोड वाटला. मी सचिव होतो, वही माझ्या हातात होती, माझे वडील हयात नव्हते. मी "हो" म्हटले. पुढल्या वर्षीसाठी मोटारसायकल ठरली. छप्पर "पुढे पाहू" या सदरात गेले.

पुढे पाहायला वेळ मिळाला नाही. बक्षिसे वाढत गेली आणि त्याबरोबर बैलांचे हालही वाढले. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बक्षीस भांड्याचे होते तोवर धुरकरी जोडीला जपून हाकत होता. मोटारसायकल आली तशी आर लावलेली काठीही आली. रक्ताळलेल्या पाठीची जोडी मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि तिला टाळ्या मिळतानाही पाहिले आहे. २०११ मध्ये केंद्र सरकारने ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत अशांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि पट बंद झाले. गावात संताप झाला. "आमची परंपरा बुडवली" असे सगळे म्हणाले. मीही म्हणालो. पण घरी आल्यावर मला ती रक्ताळलेली पाठ आठवली आणि जीभ जड झाली.

योगायोग पाहा. त्याच २०१४ साली, १८ सप्टेंबरला, सेंट अँड्र्यूजच्या १७५४ पासूनच्या गोल्फ क्लबाने बायकांना सभासद करून घेण्याचा ठराव मंजूर केला. २६० वर्षे तो फक्त पुरुषांचा होता. ही बातमी वाचताना मला आमच्या मंडळाची यादी आठवली. स्थापनेपासून त्यात एकही बाई नव्हती. पटाच्या चार दिवसांत शंभर-शंभर पाहुण्यांच्या भाकरी थापायच्या त्यांनी, आणि उरलेल्या पैशाचे काय करायचे ते ठरवायचे आम्ही. असे इतकी वर्षे चालले आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

पट बंद पडला तसे मंडळही बसले. नाटक दोन वर्षे कसेबसे झाले, मग तेही गेले. गंज आणि सतरंज्या एका खोलीत कुलूपबंद झाल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आले की आमचे दान खेळाच्या शेपटाला बांधलेले होते. खेळ थांबला तसे दानही थांबले. पण गावाची गरज काही थांबली नव्हती. शाळेची खोली गळतच होती.

ते छप्पर शेवटी घातले ते गावच्या महिला बचत गटांनी. महिन्याची बचत, त्यातून दिलेल्या कर्जाचे व्याज, वर थोडी वर्गणी. एका उन्हाळ्यात कवेलू उतरली आणि पत्रे चढले. ना मंडप, ना लाऊडस्पीकर. उद्घाटनही नाही. आमच्या वहिनी त्यातल्या एका गटाच्या अध्यक्ष होत्या. मी त्यांना म्हणालो, "वहिनी, आमचे राहिलेले काम तुम्ही केले." त्या म्हणाल्या, "भाऊजी, आमच्यात आधी वाटा बाजूला काढतात, मग बाकीचा खर्च. तुमच्यात उलटे होते." एवढेच बोलून त्या कामाला लागल्या. इतक्या वर्षांच्या सचिवपदात मला जे सुचले नाही, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये शर्यतींसाठी कायदा केला, तो न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे कायदे वैध ठरवले. आता पट पुन्हा भरू लागले आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्यकाची तपासणी हवी, काठी-चाबूक चालणार नाही, असे नियम आहेत. ते पाळले जावेत यासाठी गावानेच जागे राहिले पाहिजे, कारण साहेब एक दिवस येतात आणि बैल वर्षभर आपल्या गोठ्यात असतो.

२०२३ च्या जानेवारीत आमच्या त्या गावातही पुन्हा बैठक बसली. म्हातारा सचिव म्हणून मलाही बोलावणे आले. तरुण पोरे उत्साहात होती. मोठ्या बक्षिसांची भाषा सुरू झाली, तसा मी उठलो आणि माझ्या २००८ च्या चुकीची कहाणी सांगितली. मग पुतण्याकडून ऐकलेली कप्तानाची गोष्ट सांगितली. परदेशातला तो माणूस खेळ सुरू होण्याआधी, सगळ्यांसमोर, पैसा कुणाचा ते जाहीर करतो. खेळ संपल्यावर उरेल ते देऊ म्हणणाऱ्याच्या हाती सहसा काही उरत नाही. म्हणून माझ्या दोन सूचना होत्या. गावाचा वाटा आधी ठरवा, वहीत लिहा आणि बोर्डावर लावा. आणि तो वाटा कशावर खर्च करायचा हे ठरवायला बचत गटातल्या बायकांना बैठकीला बोलवा.

पहिली सूचना लगेच मान्य झाली. दुसरीवर बराच वेळ गोंधळ झाला. "पटात बायकांचे काय काम?" असे एक जण म्हणाला. मी त्याला विचारले, "पटाच्या दिवशी तू जेवतोस कुठे?" लोक हसले. पण हसण्याने ठराव होत नसतो. शेवटी तीन बायकांना बोलवायचे ठरले. तिघी आल्या. एक शब्दही न बोलता बसून राहिल्या. खर्चाचा विषय निघाला तेव्हा त्यांतली एक म्हणाली, "वही दाखवा." आमच्या मंडळाच्या इतिहासात हे वाक्य पहिल्यांदाच कुणी बोलले.

मंडळी, पट असो की गोल्फ, माणसे खेळासाठी एकत्र येतात ती आनंदासाठी, आणि त्यात कमीपणा नाही. दहा माणसे हसत-खेळत जमली की त्यांच्याकडून जे काम होते ते व्याख्याने देऊन होत नाही. आमच्या वडिलांच्या मंडळाने ते करून दाखवले होते. पण आनंदाला हळूहळू मानाची चटक लागते. तशी ती लागली की आधी बैलाची पाठ फुटते आणि मग शाळेचे छप्पर राहून जाते. दोन्ही मी पाहिले आहे.

परवा पटाच्या तयारीसाठी बांध्या सपाट करणे चालले होते. वरून बिरसीचे एक शिकाऊ विमान घरघरत गेले. कामावरची पोरे माना वर करून पाहत राहिली. मी मात्र खाली पाहत होतो. मंडपाच्या खांबाला एक फळा टांगलेला होता आणि त्यावर खडूने लिहिले होते : गावाचा वाटा, आधी. खाली आकडा होता आणि पुढे तीन सह्या. त्यांतली एक अंगठ्याची होती.